पार्ट न धुता दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गाड्यांचे जुने पार्ट विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या हातात आपणहून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, देतो, असं सहसा होत नाही. तुम्ही ते दिलंत आणि कुठे, कसं, कशासाठी लावायचं तेही दाखवलंत. आमच्या गॅरेजमधल्या सगळ्यांच्या वतीनं त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुमची पद्धत जुना पार्ट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

सगळ्यात मोठं ऋण एका सवयीचं: पार्ट धुवायच्या आधी बघायचा. डिझेलनं पुसून काळा स्प्रे मारलेल्या पार्टवर वाचण्यासारखं काही उरत नाही. मळ मात्र बोलतो. ऑइल सीलच्या खालीच ओला, चिकट मळ साचला असेल तर गळती चालू होती. सगळीकडे सारखी, कोरडी धूळ असेल तर बहुधा नव्हती. गॅस्केटच्या, म्हणजे दोन भागांच्या जोडात गळती थांबवणाऱ्या पट्टीच्या, रेषेवर किंवा रेडिएटरच्या टाकीच्या जोडावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी वाळलेला डाग म्हणजे तिथून कूलंट झिरपत होतं. कनेक्टरच्या आत बारीक गाळ आणि पिनांवर हिरवी पूड दिसली तर गाडी पाण्यात बुडाली असल्याचा संशय घ्यायचा, मग पार्ट बाहेरून कितीही कोरा दिसो.

आणि तुमचा तो पहिला प्रश्न, गाडी तुटायला का आली? मागून जोरात ठोकलेल्या गाडीचं इंजिन चांगलं असण्याची शक्यता बरीच. पण बॉडी धडधाकट असताना फक्त इंजिन विकायला निघालं असेल, तर कारण इंजिनातच शोधायला हवं. हा प्रश्न भाव विचारायच्या आधी विचारायचा, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

सिलिंडर हेडसाठी, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणासाठी, विशेष आभार, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. इथे मात्र साफसफाई हवीच, नाहीतर पट्टी गॅस्केटच्या चिकटून राहिलेल्या तुकड्यावर टेकते आणि माप चुकतं. मळाचे डाग आधी बघून घ्यायचे, मगच पृष्ठभाग खरवडायचा, तोही ॲल्युमिनियमवर ओरखडा न पडेल असा. मग सरळ कडेची पोलादी पट्टी सहा दिशांनी ठेवायची: दोन्ही लांब बाजू, दोन्ही आडव्या बाजू आणि दोन्ही कर्ण. पट्टीखाली फीलरचं पान सरकवून बघायचं. बऱ्याच इंजिनांत 0.05 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. त्याहून जाड पान घुसलं तर हेड वाकलंय.

‘फेसिंग मारून घ्या, झालं’, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करा, असं म्हणणारे पुष्कळ. तुम्ही त्यापुढच्या दोन गोष्टी सांगितल्यात. हेडची उंची मोजायची, कारण आधीच फेसिंग झालं असेल तर आणखी काढायला धातू शिल्लक नसतो. आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, हेडमध्येच बसत असेल तर व्हॉल्व्हचा दाब नसताना ती नुसती आपल्या जागी बसवून हातानं फिरवून बघायची. हेड वाकलं की कॅमच्या बेअरिंगच्या जागाही वाकतात. खालचा पृष्ठभाग सरळ करून त्या सरळ होत नाहीत, आणि मग कॅमशाफ्ट अडकते किंवा जागा झिजवते.

तडे शोधायचे ते दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीत आणि प्लगच्या भोकापासून सीटपर्यंत. प्लग लावून हेड उलटं ठेवायचं, इंधन जळायच्या खोलगट जागेत, म्हणजे चेंबरमध्ये, रॉकेल भरायचं आणि पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हपलीकडच्या हवेच्या वाटेत, झिरपतंय का ते थोडा वेळ बघायचं. पोर्ट ओला झाला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. बाकी चेंबर काळे आणि एकच वाफेनं धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्यात पाणी जात होतं. डोळ्यांना न दिसणारा तडा मात्र प्रेशर टेस्टमध्येच सापडतो. महागाच्या हेडला ती करून घेण्याचा खर्च टाळू नये, असं आमचं ठाम मत.

पूर्ण इंजिन घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात बनणारा दाब, बघू द्यायला तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज, इंधन आणि इग्निशन बंद, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं आणि स्टार्टरनं इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा फटके. डिझेलला जास्त क्षमतेचं वेगळं गेज लागतं. एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक असला तर थांबायचं. कमी आलेल्या पेट्रोल सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं: आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर मधलं गॅस्केट आधी संशयात.

बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरबद्दल थोडक्यात. पुली हातानं फिरवताना खरखर नको, शाफ्टला आडवा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको, आत नाक नेलं तर जळक्या वॉर्निशचा वास नको. काही अल्टरनेटरची पुली एका दिशेनं मोकळी फिरते आणि दुसऱ्या दिशेनं आतल्या रोटरला सोबत घेते. ती खराब नसते, तिची रचनाच तशी. दोन्हीकडे मोकळी फिरली तर मात्र पुलीतला क्लच गेला. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे तिथे लगेच दोष देऊ नये, हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघावं.

ब्रेक डिस्क व्हर्नियरनं मोजू नका, हे तुमचं सांगणं अगदी खरं. झिजलेल्या डिस्कच्या काठाला कड उरते, व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड दिसते. मायक्रोमीटर कडेच्या आत, सात-आठ ठिकाणी लावायचा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. जाडी त्या आकड्याच्या जेमतेम वर असेल तर ती डिस्क सोडून द्यावी, थोड्याच दिवसांत ती खाली जाणार. निळसर चट्टे आणि भोकांजवळच्या चिरा दिसल्या तर मोजायचीही गरज नाही.

इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित प्ले चालतो, कारण तो ऑइलच्या थरावर फिरतो. पुढेमागे हालचाल जाणवली किंवा पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा असल्या तर नाही. शॉकअबसॉर्बर उभा धरून दाबायचा आणि खेचायचा. मध्येच पोकळ सुटला, रॉडवर गंजाचे खड्डे असले किंवा सीलजवळ ऑइल ओघळलं असलं तर तो बाजूला.

शेवटचे आभार न विकलेल्या मालाचे. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे होज, पॅड, टायमिंग बेल्ट या वस्तू तुम्ही जुन्या विकत नाही. एकदा ताण बसलेला पट्टा किंवा आतून फुगलेला होज बाहेरून ओळखता येत नाही, आणि एअरबॅग फुटेपर्यंत तपासताच येत नाही. समोर पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही नाही म्हणता, याची किंमत आम्हाला कळते.

पार्टवर रंगाची खूण, बिलावर शेवटच्या अक्षरासकट पूर्ण पार्ट नंबर आणि बसवून बघायला मुदत, हे तिन्ही तुम्ही न मागता देता. इसीयूसारख्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकासारख्या, पार्टला तर हे लागतंच. नंबरातलं एक अक्षर वेगळं निघालं किंवा तो आधीच्या गाडीच्या चावीशी बांधलेला असला, तर गाडी सुरूच होत नाही आणि पार्ट परत करायची वेळ येते.

आपले ऋणी,
गॅरेजमधले आम्ही सगळे