मधुचंद्राला ग्रहण

पुणे, 6 जानेवारी 2026

प्रिय शमे,

परवा तुझा फोन घाईत ठेवला, रागावू नकोस. आत्याकडे केळवण होतं आणि माझ्या पानात तिसरी पुरणपोळी पडत होती. आठवड्याला तीन केळवणं चालली आहेत, ब्लाउज पुन्हा उसवावे लागणार असं दिसतंय. हनिमूनला खरंच व्हिएतनाम का, आणि लग्नानंतर लगेच का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर मावलंही नसतं, म्हणून लिहिते.

हो, व्हिएतनाम नक्की. आणि लग्नानंतर लगेच नाही. 8 फेब्रुवारीला लग्न, 24 ला निघणार. मधले सोळा दिवस काय करणार, ही चिंता आमच्या अख्ख्या सोसायटीला पडली आहे.

आधी 14 ते 22 ठरलं होतं. टिळक रोडवरच्या एका टूरवाल्यानं चकचकीत कागदावर ‘सात रात्री, पाच शहरं’ काढून दिलं. हानॉय, हालाँग, दानांग, सायगाव, फुकुओक. आई खूश, पैसे वसूल! तो (अजून ‘हा’ म्हणायला जीभ वळत नाही, ‘अहो’ तर विसरच) तो कागद घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी कमला नेहरू पार्कात लॅपटॉप उघडून बसला. त्यानं एक्सेल केलं होतं. मला धडकीच भरली. म्हटलं, हा माणूस भाजीचंही एक्सेल करणार.

पण त्यातून जे निघालं ते टूरवाल्यानं सांगितलंच नव्हतं. 17 फेब्रुवारीला टेट आहे, त्यांचं चांद्र नववर्ष. आपल्या दिवाळीसारखं समज, जो तो गावाकडे निघालेला. गाड्या आधीच भरलेल्या, घरगुती खानावळींना कुलपं. आणि देश केवढा लांबडा! हानॉय ते सायगाव रेल्वेनं 1,726 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून दिल्लीपेक्षा जास्त. त्यात एकाच वेळी तीन ठिकाणी तीन हवा. फेब्रुवारीच्या शेवटी उत्तरेला गारवा आणि सतत भुरभुर, मध्यभागी पावसाळा संपून छान कोरडं, दक्षिणेला ऊन. सात दिवसांत सगळं बघायचं तर स्वेटर घालायचा, काढायचा आणि विमानतळावर बसायचं.

मी म्हटलं, ‘मला सुट्टीत दुपारी झोपायला लागतं.’ अगं, बोलून गेले आणि जीभ चावली. सातव्या भेटीत कुणी असं सांगतं का? तो काही बोलला नाही. त्यानं सायगावची ओळ पुसली, मग फुकुओकची. कांदेपोह्यांच्या वेळी ‘छंद काय?’ विचारून मला या माणसाबद्दल जे कळलं नव्हतं, ते त्या दोन पुसलेल्या ओळींनी कळलं.

आता नऊ रात्री आणि तीन गावं आहेत. हानॉयला दोन रात्री. तिथला रस्ता ओलांडणं म्हणजे म्हणे कसरत, दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही, आपण संथ चालत राहायचं आणि गाड्या आपल्याला वळसा घालतात. मी म्हटलं, मी लक्ष्मी रोडवर लहानाची मोठी झाले आहे, मला कुणी शिकवू नये. फरक एकच, तिथे डिसेंबर 2007 पासून हेल्मेटसक्ती आहे आणि लोक ते खरोखर घालतात! पुणेकराला हा खरा परदेश.

मग निन्ह बिन्ह. हालाँग रद्द केलं, यावर आई अजून फुरंगटून आहे, कारण कागदावर फोटो हालाँगचाच होता. पण त्या दिवसांत खाडीवर धुकं असतं, कधीकधी बोटीच सुटत नाहीत. निन्ह बिन्हला हालाँगसारखेच चुनखडीचे सुळके, फक्त समुद्राऐवजी भातखाचरांतून आणि नदीतून उभे. तिथल्या बायका नाव पायांनी वल्हवतात, हात मोकळे. मला ते बघायचंच आहे.

तिथून रात्रीची गाडी थेट दानांगला. रात्र आणि वर जवळजवळ अर्धा दिवस. सकाळी गाडी हाय व्हान घाटाच्या कुशीतून समुद्राला लागून जाते, दक्षिणेला जाताना डावी खिडकी धरायची. मेख अशी की डबा चार बर्थचा. म्हणजे हनिमूनला दोन अनोळखी माणसं सोबत! चारही बर्थ काढू या, असं तो म्हणाला. मी हिशेब करून नको म्हटलं. एरवी इतका काटेकोर माणूस इथे मात्र हिरमुसला, आणि मला उगीचच बरं वाटलं.

घाट बाइकवरून करायचं त्याच्या मनात होतं. पण आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या कराराचा, आणि व्हिएतनाम 1968 च्या कराराचा मानतो. पडलो-झडलो तर विम्याचे पैसे अडायचे. तेव्हा बाइक गेली.

उरलेल्या चार रात्री दानांगजवळच्या होइ आनला. जुनं बंदराचं गाव, पिवळ्या भिंती, कंदील. प्रत्येक चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या भागातले विजेचे दिवे मालवतात आणि कंदीलच लावतात. यंदा ती रात्र 2 मार्चला येते. म्हणजे आपल्या होळीचीच पौर्णिमा. इथे सासूबाई गप्प झाल्या. पहिली होळी, सून घरात नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘पोळ्या काय, केळवणांत झाल्याच आहेत हिच्या.’ मला वाटतं, माझी आणि त्यांची पट्टी जुळणार.

खरा गोंधळ आजीनं घातला. 3 मार्चला खग्रास चंद्रग्रहण आहे. पुण्यात चंद्र उगवेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असेल, पण तिकडे चंद्र उगवेल तोच ग्रासलेला. आजीनं पंचांग मिटलं. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘मधुचंद्राला ग्रहण, दुसरं काय!’ त्यावर आजीच आधी हसली. सुटलो.

जेवणाचं सांगते, कारण तू विचारशीलच. नुओक माम म्हणजे माशाचा सॉस, तो भाजीतही असतो. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘चाय’ म्हणायचं, म्हणजे शाकाहारी. चहाशी काही संबंध नाही. तिथले बरेच बौद्ध महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात, म्हणजे ग्रहणाच्या दिवशीच माझी चंगळ. हानॉयची अंड्याची कॉफी त्यानं प्यावी, मी वास घेऊन सांगेन.

होइ आनहून चाळीसेक किलोमीटरवर ‘मी सोन’ नावाची जागा आहे, तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्म्यानं भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, संस्कृत शिलालेख आहेत. 1969 मध्ये अमेरिकी बाँबमध्ये बरंच उद्ध्वस्त झालं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्तीला होती आणि 2020 मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग सापडलं. आई म्हणते, ‘हनिमूनला कसली देवळं?’ त्याला दानांगजवळच्या डोंगरावरचा तो महाकाय हातांवरचा सोनेरी पूल हवा होता. मी पूल नको म्हटलं, त्यानं देऊळ चालेल म्हटलं. हे मला जरा लागलंय. परतायच्या आदल्या दिवशी एक रिकामी दुपार आहे, ती पुलाला द्यावी का, सांग. माझी झोप जाईल.

कागदपत्रांचं एकच. ई-व्हिसा 25 डॉलरचा, अर्ज सरकारी साइटवरच करायचा, हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या बऱ्याच आहेत. आणि तिकीट, व्हिसा सगळं माझ्या माहेरच्या नावानं, पासपोर्टवर आहे तस्संच, मधल्या बाबांच्या नावासकट. ‘लग्नानंतरही जुनंच नाव?’ असं आत्यानं विचारलं. मी म्हटलं, विमानात चढू तर दे.

पैशांची गंमत म्हणजे एका रुपयाला जवळजवळ तीनशे डाँग. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळीच. त्यामुळे पाकीट माझ्याकडे राहील, हे एक्सेलमध्येही लिहून घेतलंय.

आता काम. तुझी ती राखाडी सॅक, हिमालयात नेलेली, लग्नाला येताना आण. चाकाची बॅग नावेत चढवायची नाही, असं ठरलंय. चेन अडकते ती दुरुस्त करून आण, मी तुझ्या भरवशावर बसते आहे. आणि हळदीला एक दिवस आधीच ये, नंतर येऊन उगीच फोटोत मागे उभी राहू नकोस.

तुझी,
रेवा

ता. क. पुलाचं लवकर कळव. शीट रविवारी ‘फायनल’ होणार आहे म्हणे.