मा. आरोग्यमंत्री साहेब, माझ्या लेकीला मान धरता यावी एवढंच मागणं आहे

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी बार्शीची. माझी लेक साडेचार वर्षांची झाली आणि अजून मान धरत नाही. आठवड्यातून दोनदा तरी तिचे डोळे वर चढतात, अंग ताठ होतं, घामाने कपडे भिजतात, आणि हे तीन-तीन तास चालतं, झोप लागली की मगच उतरतं. सासूबाई मीठ-मोहरीने दृष्ट काढायच्या, डॉक्टर फिटचं औषध वाढवायचे, दोन वर्षं अशीच गेली. फिट नव्हतीच ती. जीन टेस्टमध्ये कळलं, एएडीसी डेफिशियन्सी, म्हणजे मेंदूत डोपामिन, हालचालीसाठी लागणारं रसायन, बनवणारं एन्झाइमच धड काम करत नाही. गोळ्यांनी थोडा फरक आहे. मागच्या महिन्यात तिने माझी बांगडी दोन बोटांत धरली, सुटली, परत धरली, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या पण मी हात हलवला नाही.

यावर जीन थेरपी आहे साहेब. कवटीला बारीक छिद्रं पाडून चांगलं जनुक थेट मेंदूत सोडतात. तैवानमध्ये २०१० पासून मुलांना दिली, त्यातली काही मान धरायला, बसायला शिकली. युरोपने २०२२ ला, अमेरिकेने २०२४ ला मंजुरी दिली. लहान वयात दिली तर फायदा जास्त, म्हणून तिचा प्रत्येक वाढदिवस मला नकोसा वाटतो. ब्रिटनमध्ये किंमत ३० लाख पौंडांच्या घरात, आणि आपल्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात मदत जास्तीत जास्त ५० लाख रुपये.

ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनेच ठरवलं की अमेरिका-युरोपात मंजूर झालेल्या जीन थेरपीला इथली वेगळी ट्रायल माफ होऊ शकते. फार चांगलं केलंत. पण ही थेरपी बनवणारी कंपनी इथे मंजुरीचा अर्ज कशाला करेल, इथे पेशंट किती तेच कुणी मोजलेलं नाही, आमच्यासारखी मुलं अजून फिटच्या नाहीतर सीपीच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) फाइलमध्ये पडून असणार. कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून या आजाराचा संशय धरता येतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलसारख्या सेंटरमध्ये ती टेस्ट फुकट सुरू करा, यादी करा, आणि ती यादी घेऊन तुम्हीच कंपनीशी किमतीचं बोला, नाहीतर पुढच्या एखाद्या ट्रायलचं सेंटर इथे मागा, मी सही करायला तयार आहे.

ती पळेल असं मला कुणी लिहून दिलेलं नाही आणि मी मागतही नाही. मान सावरली तर भात भरवताना ठसका लागणार नाही. रिपोर्ट, व्हिडिओ सगळं फाइलला लावून ठेवलंय, बोलवाल तिथे लेकीला घेऊन येते.

एक आई, बार्शी