तीन दिवसांत दात बसवायची घाई नको

बाळा,

तू पाठवलेली जाहिरात बघितली, तीन दिवसांत फिक्स दात वाली. खाली तुझा मेसेज की आई पुण्याला ये, एका दमात सगळं तोंड करून टाकू, साडेचार लाख लागले तर ईएमआय घेतो. तुझी माया कळायली मला. पण फोनवर मी काही सांगायला गेले की तू मधीच ‘हो पण’ म्हणतोस, म्हणून हे बसून टाइप करायले, पूर्ण वाच.

पहिलं म्हणजे, माझ्या तोंडात दातच नाहीत असं काही नाही. बरेच आहेत अजून. भानगड अशी की खालच्या दोन्ही बाजूच्या दाढा गेल्या आणि ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली. रिकामी जागा गप बसत नसती. शेजारची दाढ तिकडं कलंडते, वरची खाली उतरते, आणि चावायचं सगळं काम पुढच्या दातांवर येतं, जे फक्त तोडण्यापुरते केलेत. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याचा खांदा येतो ना, तसं झालं. त्यात माझं माहेर किनवटकडचं. तिकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसलं तर फार तर 1.5, असं धरतात, आणि आम्ही काय मोजून पीत होतो का. दात हाडात तयार व्हायलेले असतात त्या वयात ते पाणी पोटात गेलं की वरचं कवचच कच्चं होतं, पिवळे तपकिरी डाग, बारीक खड्डे, मग टवके उडतात. तू लहानपणी तिकडं राहिला नाहीस म्हणून तुझे धड आहेत. वर माझी मिसरी होतीच, ती सोडून लई वर्षं झाली पण घासायची ती घासून गेली.

तर दात झिजले म्हणजे नुसते दिसायला बारके झाले असं नसतं. तोंडाची उंचीच कमी होते. नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर घटतं, हनुवटी वर येते, ओठाचे कोपरे मुडपतात, तिथं लाळ साचून कायम चिरलेलं असतं. ताईच्या लग्नाच्या फोटोत तूच म्हणलास की आई तू चिडल्यासारखी का दिसायलीस. चिडले नव्हते रे.

आता ही उंची परत किती वाढवायची, हाच सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि हे कुठल्या मशीनला एका झटक्यात कळत नसतं. आपण निवांत बसलो, तोंड मिटलेलं असलं, तरी वरचे खालचे दात टेकलेले नसतात, मधी 2 ते 4 मिलिमीटर फट असते. दात टेकतात ते फक्त चावताना आणि गिळताना. कॅपा, म्हणजे दातावर टोपीसारखे बसवायचे कवच, लावून उंची जास्त केली तर ती फट संपते, मग जबड्याला आरामच नाही, स्नायू दुखतात, कानापुढचा सांधा दुखतो, कॅप तडकते. कमी ठेवली तर आहे तसंच. म्हणून इथल्या डॉक्टरनं आधी माप घेतलं, जबड्याचे साचे काढून एका यंत्रावर बसवले, ते यंत्र माझ्या जबड्यासारखंच हलतं, त्यावर मेणाचे दात करून बघितले, आणि मग हे प्लॅस्टिकचे टेम्पररी दात लावले ज्याला तू ‘अजून प्लॅस्टिकच का’ म्हणून नावं ठेवायलास. अरे हीच तर परीक्षा आहे. हे घालून मी भाकरी खाते, बोलते, झोपते, काही आठवडे, लागलं तर महिने. दुखलं तर डॉक्टर प्लॅस्टिक घासून कमी करतात नाहीतर भर घालतात. पक्क्या झिरकोनियाच्या, म्हणजे कडक सिरॅमिकच्या, कॅपेत असला बदल करता येत नाही, थोडं फार घासता येतं बस, चुकलं की काढून फेकायची आणि पैसे पाण्यात.

बोलायची पण टेस्ट असते. मला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, पासष्ट सहासष्ट सदुसष्ट, त्यात स भरपूर. स बोलताना वरचे खालचे दात जवळ येतात पण आपटायला नको. आपटले तर उंची जास्त, हवा सुटली तर दुसरं काहीतरी. पहिल्या आठवड्यात माझं सगळं शिट्टी मारल्यासारखं व्हायलं, तुझे बाबा मुद्दाम भाजीवाल्यासमोर मला बोलायला लावायचे.

आता स्क्रूचं. खाली दाढांच्या जागी इम्प्लांटच बसवायचे ठरलेत, म्हणजे जबड्याच्या हाडात घालायचे टायटॅनियमचे स्क्रू, त्यावर दात बसतो. त्याची गोष्ट डॉक्टरनं सांगितली ती मला लई आवडली. स्वीडनमधी ब्रॉनेमार्क म्हणून एक होते, ते सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्त कसं फिरतं ते बघायलते, नंतर काढायला गेले तर निघेचना, हाड त्याला चिकटून बसलेलं. 1965 मधी त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात बसवले. पण हाड धरायला वेळ घेतं, खालच्या जबड्यात साधारण 3 महिने, वरचं हाड मऊ म्हणून 4 ते 6. दात काढून लई वर्षं झाली की हाड पण आटतं, वर तर दाढेच्या डोक्यावर हवेची पोकळी असते, हाड पातळ असलं की ती सरकवून हाडाची भर घालावी लागते. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढला, साध्या एक्सरेत जाडी कळत नाही.

ती जाहिरात साफ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याचे सगळे दात गेले, हाड चांगलं, त्याला चार-सहा इम्प्लांटवर त्याच दिवशी नाहीतर दोन-तीन दिवसांत फिक्स दात लावतात, असतं तसं. पण पुष्कळदा ते पण टेम्पररीच असतात, पक्के नंतर. आणि माझे धड दात उपटून ते करायचं? वाचणारा दात रूट कॅनल करून वाचवायचा, एवढं तर मला पण कळतं. शिवाय माझी शुगर. तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आल्याशिवाय स्क्रूला हात लावणार नाही म्हणले डॉक्टर, मला तोच माणूस बरा वाटला. साखर जास्त असली, नाहीतर तंबाखू चालू असली, की स्क्रू हाड धरत नाही, धरला तरी भोवतीची हिरडी सुजून हाड खायला लागते. हे तुझ्या बाबांना वाचून दाखव, माझं ऐकत नाहीत ते.

पैशाचं म्हणशील तर मेडिक्लेममधी हे बहुतेक बसत नाही, विचारून बघ. संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथं हे काम शिकणारी मोठी पोरं-पोरी आहेत, सर मागं उभे असतात, स्वस्त पडतं पण खेपा लई. मी अर्धं तिथं विचारून आले, इथल्या डॉक्टरला पण त्याचा राग नाही.

तुला दुसरा कुणी दाखवायचा असेल तर सीबीसीटीची सीडी देते, खुशाल दाखव. फक्त त्याला विचार की उंची कशी ठरवणार, टेम्पररी किती दिवस ठेवणार, आणि आईची शुगर आधी बघणार का. याची उत्तरं द्यायच्या आधीच ज्यानं पॅकेज सांगितलं त्याला माझा नमस्कार सांग आणि उठून ये.

ईएमआय घेऊ नको. खालचे स्क्रू धरले की कॅपांचे पैसे लागतील, तेव्हा सांगते, तेव्हा दे. आणि दिवाळीला येताना दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश आण, सगळ्यात लहान साइजचे. इथं एकाच मेडिकलवाल्याकडं मिळतात आणि तो दरवेळी मोठेच काढून देतो.

तुझी आई