पावणेदहाची भैरवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आमच्या किनाऱ्यावर गाण्याचा हंगाम सुरू होतो. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात जानेवारीत रंगणारा महोत्सव पुण्या-मुंबईच्या रसिकांनाही ठाऊक आहे. शिवाय ठिकठिकाणच्या देवळांत, शाळांच्या पटांगणांत लहानमोठे कार्यक्रम होतात. मंडळी पदरमोड करून चांगले कलाकार आणतात, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती घड्याळाची.

आमच्या भागातल्या एका कार्यक्रमाला (नाव लिहीत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी असंच चालतं) पत्रिकेवर साडेसहाची वेळ होती. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, प्रायोजकांना शाल-श्रीफळ, मग सत्कारमूर्तींची मनोगतं. गायिकाबाई आत तंबोरे लावून बसल्या होत्या. त्या मंचावर आल्या तेव्हा आठ वाजत आले होते आणि लावलेले तंबोरे उतरले होते. आपली हवा दमट, त्यात उघड्यावर दव पडायला लागलं की तबल्याची चामड्याची पुडी सैल पडते, सूर खाली येतो. तबलजी हातोडीने पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हलके ठोके देत एकेक घर (गजऱ्याचा एकेक भाग) सुरात मिळवत होते. बाई तंबोऱ्याच्या घोडीवरचा जवारीचा (तारेचा नाद खुलवणारा) दोरा नखाने केसभर सरकवायच्या, तार छेडायच्या, परत सरकवायच्या. मला विचाराल तर मैफल इथेच सुरू होते. पण मागून टाळ्या पडल्या, म्हणजे ‘आता आवरा’! दीड तास भाषणं ऐकताना हेच हात कसे स्वस्थ होते कोण जाणे.

बाईंनी पूरिया धनाश्री धरला. हा संधिप्रकाशाचा राग. तो सुरू झाला तेव्हा अंधार पडून दीड तास उलटला होता. तरीही मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावरून कोमल रिषभाला लागून त्या गंधारावर थांबल्या आणि सगळं पटांगण शांत झालं. विलंबित म्हणजे संथ लयीचा एकताल, तालाचं एकेक आवर्तन जवळपास मिनिटभराचं. पंचमापर्यंत पोचायला त्यांनी घाई केली नाही. तीव्र मध्यमावर नुसतं घुटमळून परत खाली यायच्या, आणि आता लागेल म्हणून वाट बघत बसलेल्या आम्हाला पुन्हा एक आवर्तन थांबवायच्या. पंचम लागला तेव्हा शेजारचे गृहस्थ ‘हां!’ म्हणाले ते अगदी पोटातून.

आणि मग तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, वाटेवर असतानाच विंगेतून कुणीतरी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. रागाची ही सावकाश चाललेली बढत तिथेच आटोपली. एक द्रुत बंदिश, फर्माईश म्हणून एक नाट्यपद आणि पावणेदहाला मैफल संपवणारी भैरवी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. नियम योग्यच आहे, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं शेजारी असतात. पण दहाची वेळ तर आधीपासून माहीत असते ना? मग कात्री नेमकी गाण्यालाच का?

भैरवी खरं तर सकाळची. रात्रभराच्या मैफली उजाडताना संपायच्या, म्हणून ती शेवटी आली. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचंच तेवढं. आपल्याला कसली तबकडी आडवी येते?

माझी सूचना साधी आहे. महोत्सवात एक तरी बैठक सकाळी ठेवावी. तोडी, ललित, सारंग हे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायला मिळत नाहीत. दिवाळी पहाट असते, पण तिथे बहुतेक भावगीतं आणि नाट्यगीतंच. सकाळी सहानंतर दहाच्या नियमाची अडचण नाही. देवळाच्या सभामंडपात शंभरेक माणसं बसवली तर माइकचीही फारशी गरज पडू नये, आणि साऊंडवाल्याचा खर्चही वाचेल. रात्रीच्या मैफलीचे कलाकार गावात मुक्कामाला असतातच. लोक उठतील का, असं विचारणाऱ्यांनी जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार बघत बसलेली माणसं आठवावीत.

सत्कार करायचेच असतील तर ते गाणं संपल्यावर, चहाच्या वेळी करावेत. ज्यांना थांबायचं ते थांबतील.

आपला,
एक श्रोता, रत्नागिरी