मी बेसिनमध्ये ओतत होते त्या द्रवाबद्दल

कोल्हापूर

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

पिकिया यीस्टमधून तयार केलेले आमचे एन्झाइम अखेर शुद्ध स्वरूपात हाती आले. ही बातमी तुम्हाला फोनवर कळवली असली, तरी आभार मात्र सर्वांसमक्ष मानावेत असे वाटले, कारण माझ्यासारखेच अडून बसलेले आणखी कोणी हे पत्र वाचतील.

चार महिने एकच अडचण होती. यीस्ट उत्तम वाढत होते, तापमान 28 अंशांवर होते, प्रथिन बनवण्याचा इशारा म्हणून मी दर 24 तासांनी अर्धा टक्का मिथेनॉल देत होते आणि पेशींनी माध्यमात (वाढीच्या द्रवात) सोडलेले ते एन्झाइम, म्हणजेच आमचे प्रथिन, जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) दिसतही होते. शुद्धीकरणासाठी त्याला हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी जोडली होती; ती निकेलच्या कॉलमला चिकटते आणि मग इमिडॅझोल हे रसायन देऊन प्रथिन उतरवतात. तरीही निकेल कॉलमवरून इमिडॅझोलने उतरवलेल्या द्रवात काहीच सापडत नव्हते. प्रोटिएज (प्रथिने तोडणारी एन्झाइमे) ते तोडत असावेत, या समजुतीने मी त्यांना रोखणारे इनहिबिटर वाढवत राहिले.

त्या संध्याकाळी तुम्ही भर पावसात राजारामपुरीहून आलात आणि माझी वही उघडण्याआधीच विचारलेत, "कॉलममधून न अडकता खाली गेलेलं कुठं आहे?" ते मी दर वेळी बेसिनमध्ये ओतत होते. तुम्ही कॉलम पुन्हा चालवायला लावलात, प्रत्येक टप्प्याचा नमुना राखून ठेवायला सांगितलेत, आणि रात्री प्रथिने निळी करणाऱ्या कुमासीचा जादा रंग जेलवरून उतरत गेला तसा त्या टाकाऊ द्रवाच्याच रांगेत आमचा निळा पट्टा ठसठशीत दिसू लागला. प्रथिन शाबूत होते. ते निकेलला चिकटतच नव्हते.

मग तुम्ही माध्यमाचा पीएच मोजून दाखवलात : 6. एवढ्या आम्लतेत हिस्टिडीनच्या शेपटीतील निम्म्याच्या आसपास हिस्टिडीनवर प्रोटॉन बसलेला असतो आणि तिची निकेलवरची पकड सुटते. हे मी परीक्षेत लिहिले होते, पण समोरच्या फ्लास्कशी कधी जोडले नव्हते. मी वापरत होते ती पद्धत ई. कोलाय या जीवाणूच्या पेशी फोडून प्रथिन काढणाऱ्यांसाठी लिहिलेली. तिथे बफर (पीएच स्थिर ठेवणारा द्रव) आधीच 8 पीएचचा असल्याने ही पायरी तिच्यात नव्हतीच. सरळ अल्कली ओतली तर क्षारांचा साका होऊ शकतो, असे बजावून तुम्ही रात्रभर 8 पीएचच्या बफरमध्ये डायलिसिस (पातळ पडद्यातून प्रथिनाभोवतीचा द्रव हळूहळू बदलणे) लावून दिलेत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एन्झाइम इमिडॅझोलबरोबर खाली आले.

ज्यांच्या नावावर हा प्रकल्प नाही, त्यांनी निवृत्तीनंतर एका विद्यार्थिनीसाठी रात्री अकरापर्यंत थांबावे, याचे मोल मी जाणते. मनापासून आभार.

पट्टा अजून अपेक्षेपेक्षा रुंद येतो. यीस्टने जोडलेल्या शर्करांमुळे तसे होत असावे, हा तुमचा अंदाज तपासण्यासाठी त्या शर्करा छाटणारे एंडो-एच हे एन्झाइम मागवले आहे. ते जेल झाले की घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी