शिळ्या भाताबद्दल थोडं

ती. आई-बाबांना सा. न.

पोरं रविवारी तिकडे पोचतील. ओवी काही बोलली तर राग धरू नका, म्हणून आधीच लिहितेय. आठ वर्षांची झाली आणि स्वयंपाकघरात फौजदार बनलीय. साबण लावून हात चोळताना तेराचा पाढा पूर्ण म्हणायचा, वीसेक सेकंद सहज होतात, हे मीच शिकवलं. आता घरी येईल त्याला म्हणायला लावते. बाबा, तुमची सुटका नाही.

आई, यातलं बरंचसं तुझंच आहे. खरकटा हात डब्यात घालायचा नाही, उष्टा चमचा लोणच्यात नाही, भाजी चिरण्याआधी धुवायची. मी फक्त कारणं जोडली. भाताचं मात्र तुझं मोडलं.

आपल्याकडे रात्रीचा भात पातेल्यातच झाकून ओट्यावर राहायचा. मी चौथीत असताना मे महिन्यात सकाळी नऊला फोडणीचा भात खाल्ला आणि अकराला उलट्या सुरू. खापर आदल्या संध्याकाळच्या बर्फाच्या गोळ्यावर. त्या गोळेवाल्याला काय काय बोलली होतीस! तांदळात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की जंतू वाढतो, विष सोडतो, आणि ते विष फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही. त्याच्या उलट्या साधारण सहा तासांच्या आत होतात. आता तूच हिशोब कर. गोळेवाला बिचारा बहुधा निर्दोष होता.

आमच्याकडे जेवणं झाली की उरलेला भात ओवी परातीत पातळ पसरते, वर जाळी. वाफ गेली की स्टीलच्या उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये, दोन तासांच्या आत. पातेल्यात मधला भात किती वेळ गरम राहतो ते एकदा तिनेच चमचा खुपसून मला दाखवलं. फोडणीचा भात बंद नाही केलेला हं, दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत परतून खातो.

बाबा, चिकन नळाखाली धुवू नका. शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. ओवी ओरडेलच.

परात वरच्या फळीवरून काढून ठेवा, तिचा हात पोचत नाही.

तुमची,
ताई