मुलाखतीत मी त्या रात्रीबद्दल सांगितले

प्रिय मित्रा,

सात महिन्यांत तुला पत्र नाही, फोन नाही. त्याचे कारण आपल्या दोघांनाही ठाऊक असल्यामुळे कामाच्या गर्दीची सबब सांगत नाही. प्रकृती ठीक आहे, गुडघाही आता दुखत नाही. परवा मी मुलाखत देऊन आलो आणि तिथे जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

तयारी या वेळी तुझ्या पद्धतीने केली. जाहिरातीतील प्रत्येक अपेक्षेसमोर माझ्या कामातला एक प्रसंग लिहिला: परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, मी काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. नंतर वही मिटून तीच उत्तरे मोठ्याने दिली. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग तूच मला सांगितला होतास. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. "पाठांतराला शास्त्राचा मुलामा देऊ नकोस," असे मी तेव्हा म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो.

मुलाखत घ्यायला तिघे होते. सर्व उमेदवारांना हेच प्रश्न याच क्रमाने विचारू आणि प्रत्येक उत्तराला स्वतंत्र गुण देऊ, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, तेव्हा मला धीर आला. अशा आखीव मुलाखतीवरून उमेदवाराच्या पुढच्या कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला बांधता येतो, हे श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींवरील संशोधनाच्या घेतलेल्या आढाव्यात दिसले होते. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासले, तेव्हाही निवडीच्या पद्धतींत हीच वरच्या स्थानी राहिली. याआधी एका ठिकाणी माझी अर्धी मुलाखत समोरच्या गृहस्थांचे अनुभव ऐकण्यात गेली होती, त्यामुळे या शिस्तीचे मोल मला फार वाटले.

मग तो प्रश्न आला: दबावाखाली सोडवलेली एखादी अडचण सांगा. मी शिल्लक न जुळलेली ती रात्र सांगितली. आम्ही बेरजा ताडून पाहिल्या, आम्ही दोनदा चढलेल्या नोंदी शोधल्या, आम्ही शाखांना कळवले. मधल्या बाईंनी लिहिणे थांबवले आणि शांतपणे विचारले, "यात नेमके तुम्ही काय केलेत?"

मित्रा, त्या क्षणी मला आपली ती बैठक आठवली. मोठ्या साहेबांसमोर तू "चूक मी शोधली" म्हणालास आणि बाहेर आल्यावर मी तुला नको ते बोललो. आपण दोघांनी केलेल्या कामात "मी" आलाच कसा, हा माझा राग होता. पण चूक खरोखर तूच शोधली होतीस. "आम्ही" म्हणणे हा माझा विनय आहे असे मी इतकी वर्षे समजत आलो. त्या खोलीत कळले की त्या एका शब्दाच्या आडून तुझा वाटाही मी माझ्याकडे ओढत होतो.

"थोडा विचार करून सांगतो," असे म्हणून मी घोटभर पाणी प्यालो. मग सांगितले की दुहेरी नोंदी माझ्या सहकाऱ्याने शोधल्या. मी १४ शाखांना फोन करून व्यवहार थांबवले, प्रत्येकीकडून आदल्या दिवसाची अखेरची शिल्लक लेखी मागवली आणि खाती हलवण्यापूर्वी बेरीज ताडण्याची पद्धत नंतर लिहून काढली. त्यांनी पुढे विचारले, "तुम्ही एकटे असता, तर चूक सापडली असती का?" मी म्हणालो, "सापडली असती, पण त्या रात्री नाही."

तेव्हापासून हेच उत्तर डोक्यात घोळत आहे. गुण जातील याची चिंता थोडी आहे. ते पूर्ण खरे होते का, याची अधिक आहे. फोन आधी तू करायला लावलेस की मी आपणहून केले, हे मला नीट आठवत नाही. शेवटी मी त्यांना विचारले की पहिल्या सहा महिन्यांत या पदाकडून काय अपेक्षित आहे, आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले; तिथे काम करावेसे वाटते.

तुझ्या बदलीचे काय झाले? धाकटीची परीक्षा संपली असेल. वहिनींना नमस्कार सांग.

आणखी एक. माझ्या कामाची माहिती देऊ शकेल अशा व्यक्तीचे नाव त्यांनी मागितले, तेव्हा तुला न विचारताच मी तुझे नाव दिले. फोन आला तर ती रात्र तुला आठवते तशीच सांग, आणि त्या फोनांची गोष्ट माझ्या सांगण्यापेक्षा वेगळी असेल तर मलाही कळव, म्हणजे मी स्वतः त्यांना तसे लिहीन.

तुझाच,
जुना शेजारच्या टेबलावरचा